सामान लादलं की हँडल थरथरतं: टूरिंग बाईकचा वॉबल घरी कसा शोधायचा

आधी लक्षणं बघू. "गाडी हलते" एवढंच मिस्त्रीला सांगितलं की तो सरळ कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेरिंग, आवळतो, पैसे घेतो आणि पुढच्या ट्रिपला तेच परत सुरू. खरं तर या दोन शब्दांत निदान तीन वेगवेगळी दुखणी लपलेली असतात आणि तिघांचं मूळ वेगळं असतं.

पहिलं दुखणं हँडल थरथरण्याचं, यालाच वॉबल म्हणतात. पुढचं चाक डावी-उजवीकडे भराभर फडफडतं, सेकंदाला पाच-सात वेळा तरी, आणि बाकीची गाडी मात्र सरळ चाललेली असते. हे बहुतेक वेळा स्पीड वाढवताना नाही, उतरताना येतं, म्हणजे ८०-९० ला चाललोय, पुढे टोलनाका दिसला, थ्रॉटल सोडला आणि काटा ७० वरून ५० कडे यायला लागला की हँडल नाचायला लागतं. दोन्ही हात हँडलवर असले की दबतं आणि व्हायझर खाली करायला एक हात काढला की उसळतं. हातांनीच दाबून ठेवलेलं असतं म्हणून कितीतरी जणांना महिनोन्महिने कळत नाही की गाडीत काही आहे.

दुसरं दुखणं गाडी पोहण्याचं. हँडल शांत असतं पण मागून अख्खी गाडी सावकाश डोलते, सेकंदाला दोनेकदा, ९०-१०० च्या पुढे, ट्रकला ओव्हरटेक करून मोकळ्या वाऱ्यात आलो की किंवा मोठ्या लांब वळणावर. हे मागचं दुखणं असतं, कोन सेट कितीही आवळा, जात नाही.

तिसरं एकदम हळू स्पीडला. चौकात १०-१५ ने जाताना गाडी सरळ रेषेत राहतच नाही, सारखी इकडून तिकडे जाते, हँडलला आपणच सतत सारखं करत बसतो. नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच बॅलन्स येत नाहीये. तसं नसतं, तिथे कोन सेट एक तर फार टाइट आहे किंवा त्यात मधोमध खाच पडली आहे.

आणि फक्त ब्रेक दाबल्यावरच हँडल किंवा लिव्हर धडधडत असेल तर पहिला संशय वाकडी झालेली डिस्क. त्याचं प्रकरण वेगळं, इथे घेत नाही.

आता तपासणीच्या आधी एक महत्त्वाचं, कारण हे रस्त्यावर होतं आणि तिथे पाना कामाला येत नाही. हँडल थरथरायला लागलं तर ब्रेक लावू नका, पुढचा तर अजिबात नाही, चाक डावी-उजवीकडे फिरत असताना ब्रेक लागला की ते ज्या बाजूला असेल त्या बाजूला गाडी ओढते. थ्रॉटल हळूहळू सोडा, झटक्यात बंद करू नका. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, अंग पुढे आणि खाली घ्या, हँडल पकडून ठेवा पण त्याच्याशी कुस्ती करू नका, ताठ हातांनी ते दाबायला गेलात की तुमच्याच हातांमधून जास्त जोर त्यात जातो. स्पीड उतरला की कडेला घ्या. "थ्रॉटल मारून बाहेर पड" असा सल्ला बरेच जण देतात, माझा त्याला सक्त विरोध आहे, कधीकधी शांत होतं हे खरं पण नाही झालं तर तेच दुखणं आणखी जास्त स्पीडला तुमच्या हातात असतं. आणि वॉबल आहे का बघायला रस्त्यावर दोन्ही हात सोडून चालवू नका, कोणी कितीही सांगो. खाली लिहिलेलं जवळजवळ सगळं उभ्या गाडीवर तपासता येतं.

हवा

सगळ्यात स्वस्त काम आणि बऱ्याच गाड्या इथेच सुटतात, तरी लोक हे सोडून बाकी सगळं करतात. इंदूरच्या रामबागेतून निघायचं, एबी रोडला, म्हणजे आग्रा-मुंबई हायवेला, लागायच्या आधी पेट्रोल भरायचं आणि तिथेच हवा मारायची, ही आपली सगळ्यांची सवय. तोवर पाच-सात किलोमीटर गाडी चाललेली असते, टायर गरम झालेला असतो आणि कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो. म्हणजे पंपावर काटा बरोबर दिसतो आणि प्रत्यक्षात हवा कमी. थंड टायर म्हणजे निदान तीन तास उभी असलेली गाडी, उन्हात नाही, सावलीत. त्यात पंपावरच्या काट्यांचा भरवसा नाही, एकाच टायरची हवा दोन पंपांवर बघा, दोन आकडे येतील. स्वतःचा गेज घ्या आणि घरी सकाळी निघण्याआधी मोजा.

आकडा कुठला? चेन कव्हरवर, चिमट्यावर (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) किंवा मॅन्युअलमध्ये असतो, आणि तिथे दोन आकडे असतात, एकट्यासाठीचा आणि डबल सीटचा. सामान लादलं म्हणजे तुम्ही डबल सीट आहात, मागे माणूस बसलेला नसला तरी. टायरच्या बाजूवर छापलेला मॅक्स प्रेशर हा भरायचा आकडा नाही, ती टायरची शेवटची मर्यादा आहे. आणखी एक, तापमान पाच-साडेपाच डिग्रीने खाली आलं की साधारण एक पीएसआय हवा आपोआप कमी दिसते, म्हणून मे महिन्यात भरलेली हवा डिसेंबरच्या सकाळी पुरत नाही. वाटेत गरम टायरमध्ये दोन-तीन पीएसआय जास्त दिसले तर काढू नका, ते तसंच असायला हवं.

मागची हवा कमी असली की टायरच्या भिंती लुसलुशीत होतात आणि गाडी पोहते. पुढची कमी असली की हँडल जड आणि थरथर. म्हणजे दोन्ही दुखणी निव्वळ हवेवर होऊ शकतात. म्हणून आधी हवा.

सामान

आता इथे मी जरा जास्त लिहिणार कारण आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त इथेच अडतं. इंदूरहून पुण्याला निघालेल्या गाडीचा टॉप बॉक्स उघडून बघा. मावशीसाठी शेव, काकांसाठी शेव, शेजाऱ्यांसाठी मिक्स्चर, वर रेनकोट, चार्जर, पाण्याच्या दोन बाटल्या, टूलकिट. दिसायला काहीच नाही पण लटकत्या काट्याला लावा, दहा-बारा किलो सहज निघतात, बॉक्सचं स्वतःचं वजन वेगळं. कॅरिअरवर किंवा मॅन्युअलमध्ये वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती एकदा वाचा, आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप कमी असते.

कारण काय तर टॉप बॉक्स मागच्या एक्सलच्याही मागे आणि वर असतो. तिथे ठेवलेला प्रत्येक किलो पुढचं चाक थोडं उचलतो. पुढच्या चाकावरचा भार कमी झाला की ते रस्ता धरून बसत नाही, छोट्या खड्ड्यानेसुद्धा फडफडायला लागतं. वर वाऱ्याचा झोत त्या बॉक्सवर आदळतो तो वेगळाच. तेच वजन टँक बॅगमध्ये किंवा दोन्ही बाजूंच्या पॅनिअरमध्ये (बाजूला लटकणाऱ्या पेट्या) खाली आणि पुढे घेतलं की गाडी लगेच वेगळी वाटते. जड वस्तू खाली, पुढे, मधे. दोन्ही पॅनिअर सारख्या वजनाचे, उगाच अंदाजाने नाही, काट्याने. बॉक्समध्ये फक्त हलकं आणि फुगीर, म्हणजे जॅकेट, टॉवेल वगैरे. आणि शेव कुरिअरने पाठवा, खरंच.

हँडलला लावलेली मोठी काच (विंडशील्ड), हँडलवरच्या बॅगा, दोन-दोन मोबाइल माउंट, हेही याच यादीत. जी काच हँडलबरोबर फिरते ती वारा थेट स्टिअरिंगमध्ये आणते. काढून एकदा चालवून बघा, फुकटची टेस्ट आहे.

सामान लादल्यावर मागच्या शॉकरचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा दाब, वाढवलाय का तेही बघा. मागून गाडी बसली की पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, जास्त तिरपा होतो आणि पुन्हा पुढचं चाक हलकं. टूलकिटमधला तो वाकडा पाना याचसाठी दिलेला असतो. दोन शॉकर असतील तर दोन्ही एकाच खाचेवर हवेत. बरेचदा एक तिसऱ्यावर आणि एक पाचव्यावर सापडतो.

एवढं करून रिकामी गाडी शांत आणि लादलेली गाडी शांत, तर थांबा, काम झालं. रिकामी असतानाही थरथरतेय तर पुढे वाचा.

टायर, डोळ्यांनी आणि हातांनी

पुढच्या टायरवर तळहात ठेवा आणि चाक फिरते त्या दिशेने फिरवा, मग उलट दिशेने. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीच्या दात्यांसारखं हाताला अडत असेल तर टायर कपिंग झालंय, म्हणजे नक्षीचा एकेक गठ्ठा तिरपा झिजलाय. डोळ्यांना हे लवकर दिसत नाही, खोल नक्षी शिल्लक असते त्यामुळे टायर नवाच वाटतो. ७० ते ५० मधल्या थरथरीचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राच्या ३५० सीसी गाडीचा कोन सेट दुसरीकडे दोनदा बदलून झाला होता, मानपूरच्या पुढच्या उतारावर तरी थरथर तशीच. खाली बसून बघितलं तर पुढच्या टायरवरचा बाण उलटा, पंक्चर काढताना फिरवून बसवलेला, आणि त्यावर कपिंग. टायर बदलला, विषय संपला, जुना कोन सेट बहुतेक चांगलाच होता.

म्हणून बाण बघा. टायरच्या कडेला रिमजवळ एक बारीक रेघ गोल फिरलेली असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का बघा, एका ठिकाणी आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, हवा सोडून साबणाचं पाणी लावून परत बसवायला सांगा. मागचा टायर मधोमध सपाट झाला असेल, हायवे फार केला की होतोच, तर गाडी पोहण्याचं कारण तिथे आहे. आणि टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा, ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी कितीही असली तरी फार जुना टायर कडक होतो, बारीक चिरा दिसतात, त्यावर लांबचा प्रवास नको.

चाक उचलून

आता मेन स्टँड किंवा पॅडॉक स्टँड (चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) लागेल आणि सोबत एक माणूस. साइड स्टँडवर कलती करून चाक उचलण्याचा जुगाड नको, चाकाला हलवायचंय तेव्हा गाडी अंगावर येते.

रिमच्या जवळ फोर्कला एक झिपटाय बांधा, टोक रिमला जेमतेम लागेल असं कापा आणि चाक सावकाश फिरवा. अंतर कमी-जास्त होत असेल तर रिम आऊट आहे. दोन मिलिमीटरच्या पुढे गेलं तर काम काढायचं. तारांचं चाक असेल तर प्रत्येक तार पान्याने हलकेच वाजवा, ताणलेली तार टणकन वाजते, ढिली बद्द वाजते. एखाद-दुसरी बद्द वाजली म्हणून स्वतः निपल फिरवत बसू नका, एक आवळली की रिम दुसरीकडे ओढली जाते, तारा बांधणाऱ्या जुन्या कारागिराकडे द्या, अजून आहेत आपल्याकडे. अलॉय असेल तर खड्ड्यात आदळलेली जागा आणि आऱ्यांची मुळं टॉर्च घेऊन बघा. चीर दिसली तर ते चाक संपलं, वेल्डिंग करून देणारे भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नका.

मग चाक वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवा. टक टक जाणवलं तर बेरिंग. फिरवताना खरखर असेल तरी बेरिंग. बेरिंग स्वस्त वस्तू आहे, नंबर त्याच्यावरच लिहिलेला असतो, जुनं नमुन्याला घेऊन गेलं की इंदूरच्या सियागंज बाजारात मिळून जातं, पण बसवायचं काम प्रेसवाल्याकडून करून घ्या, हातोडीने ठोकलेलं बेरिंग महिन्या-दोन महिन्यांत परत बोलायला लागतं.

मागचं चाक सरळ आहे का

चेन टाइट केल्यानंतर सुरू झालेली गडबड असेल तर सरळ इथेच या. चिमट्यावर दोन्ही बाजूंना रेघा असतात, दोन्हीकडे एकच रेघ हवी. पण त्या रेघा सगळ्या गाड्यांवर तंतोतंत नसतात, म्हणून सुतळी. गाडी उभी करा, हँडल सरळ, मागच्या टायरच्या मागून सुतळी गुंडाळा आणि दोन्ही टोकं जमिनीपासून साधारण सहा इंच उंचीवरून पुढच्या चाकाच्या पुढे ताणा. स्टँड किंवा सायलेन्सर मधे येत असेल तर थोडी वर-खाली घ्या. सुतळी मागच्या टायरला पुढे आणि मागे दोन्ही ठिकाणी जेमतेम टेकायला हवी, दाबून नाही. पुढचा टायर बारीक असतो, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंना फट दिसेल, ती सारखी हवी. एका बाजूला चार आणि दुसरीकडे दहा मिलिमीटर, तर मागचं चाक तिरकं आहे. अ‍ॅडजस्टर थोडा फिरवा, परत बघा. चेनचा ढील शेवटी पुन्हा तपासा आणि एक्सलचा नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर. अ‍ॅडजस्टर कितीही फिरवून फट जुळतच नसेल तर चिमटा किंवा फ्रेम वाकलेली असू शकते, तिथे थांबा.

हे चालू असताना चिमट्याच्या बुशचंही (सांध्यातली बाही) बघून घ्या. मागचं चाक उचललेलं, एक हात फ्रेमवर, दुसऱ्या हाताने चिमटा आडवा ढकला. जरा जरी सरकला तर बुश किंवा बेरिंग गेलंय. पोहणाऱ्या गाडीत हवा आणि सामान ठीक निघालं की मी पहिला संशय यावर घेतो, कारण चिमटा काढून ग्रीस करायचं काम सर्व्हिसमध्ये बहुतेक राहूनच जातं.

कोन सेट

आता कुठे कोन सेटची पाळी. पुढचं चाक हवेत ठेवा, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा आणि जॅक, मागे माणूस धरून. खाली बसून फोर्कचे दोन्ही पाय खालून धरा आणि पुढे-मागे ढकला. टक लागलं तर लूज. पण टक फोर्कच्या आतल्या बुशचाही असू शकतो, म्हणून तर्जनी अशी ठेवा की निम्मी फ्रेमच्या नळीवर आणि निम्मी खालच्या क्लॅम्पवर, आणि सोबतच्याला हलवायला सांगा. बोटाखाली सांध्यात टिचकी जाणवली तर कोन सेट, बोट शांत आणि टक खाली फोर्कमध्ये, तर बुश.

मग हँडल एका बोटाने हळूच एका टोकाकडून मधे आणा. मधोमध आलं की स्वतःहून अडकून बसतंय? तर रेसमध्ये, म्हणजे बेरिंगच्या गोळ्या ज्यावर फिरतात त्या कडीत, खाच पडली आहे. आपल्या कॉलनीतले स्पीडब्रेकर, सगळे सरळ हँडलने खातो ना आपण, गोळ्या कायम त्याच जागी आपटतात. शिवाय धुलाई सेंटरवाला प्रेशरचं पाणी थेट तिथे मारतो आणि ग्रीस धुऊन निघतं. खाच पडलेला कोन सेट आवळून कधीच ठीक होत नाही, हे लक्षात ठेवा. आवळला की थरथर दबते आणि त्याच्या जागी चौकातलं ते लडखडणं सुरू होतं, मग लोक परत ढिला करून घेतात, आणि असं चालूच राहतं. बदलायचा म्हणजे वरचा आणि खालचा दोन्ही, रेससकट.

कुठे थांबायचं

हवा, सामान, प्रीलोड, टायर बघणं, सुतळी, हलवून बघणं, इथपर्यंत घरी करा. कोन सेट बदलणं, फोर्क उघडणं, बेरिंग दाबून बसवणं हे चांगल्या मिस्त्रीचं काम. त्याला विचारा की जुन्या रेस तो कशाने काढतो आणि नव्या कशाने बसवतो. छन्नी-हातोडी म्हणाला तर दुसरा बघा. फोर्कमधून ऑइल गळत असेल तर चालवत नेऊ नका, ते डिस्कवर आणि पॅडवर जातं आणि मग ब्रेकच राहत नाही. फोर्कच्या दांड्या वाकलेल्या असतील, फ्रेमवर नळीच्या जोडापाशी रंगाला चीर दिसत असेल, अलॉय तडकलेलं असेल, गाडी पडल्यावर किंवा धडकल्यावर थरथर सुरू झाली असेल, दोन-तीन तारा तुटलेल्या असतील, तर गाडी लोडिंग रिक्षात टाका, वर्कशॉप अगदी जवळ असलं तरी. एबीएसची गाडी असेल तर चाक काढताना सेन्सरच्या जाळीला धक्का लागू देऊ नका, तेही मिस्त्रीला आधीच सांगा.

आणि सगळं तपासायच्या आधी कोणी स्टिअरिंग डॅम्पर (हँडलचे झटके दाबणारा छोटा शॉकर) लावायला सांगत असेल तर नका लावू. तो थरथर लपवतो, खालचं बेरिंग तसंच झिजत राहतं आणि जेव्हा कळतं तेव्हा तुम्ही एबी रोडच्या बिजासन घाटात असता.

मिस्त्रीकडे जाताना कागदावर लिहून न्या: किती स्पीडला, वाढवताना की सोडताना, रिकामी की लादलेली, शेवटचा टायर किंवा चेन कधी बदलली, आणि वरच्यापैकी काय काय बघून झालंय. कोन सेट नवीन टाकला तर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर तो परत एकदा बघून घ्या, रेस बसल्या की थोडा ढिला होतो, आवळायला त्याच मिस्त्रीकडे जा, आणि तोवर टॉप बॉक्स घरी ठेवा.